मोहरीएवढी पृथ्वी

भांडुपच्या डोंगरावरच्या वस्तीत प्रेमा पेडणेकरच्या दहा बाय बाराच्या खोलीत दरवर्षी चाळीसेक सूर्यमाला तयार होत. शाळेने मुलांना प्रोजेक्ट द्यायचं, मुलांनी ते आईच्या गळ्यात मारायचं आणि आईने प्रेमाच्या. मॅडमना हे ठाऊक होतं, आयांना ठाऊक होतं, आणि मार्क मात्र मुलांच्या नावावर पडत. याला आपल्याकडे उपक्रमशील शिक्षण म्हणतात.

थर्माकोलचे गोळे दुकानात ठरलेल्या मापांतच मिळतात. सर्वांत मोठा असेल तो सूर्य, त्याखालचा गुरू. पृथ्वी लिंबाएवढी, आणि तिला काडीने टोचलेला चंद्र बोराएवढा. नवरा गेल्यापासून घर याच गोळ्यांवर चालत होतं, त्यामुळे ते बरोबर की चूक हा प्रश्न प्रेमाला कधी पडला नव्हता.

तो पडला मुलीमुळे. आठवीतली रुचिरा पुस्तकातला तक्ता मोठ्याने पाठ करत होती. सूर्याचा व्यास इतका, पृथ्वीचा इतका.

"थांब गो," प्रेमाने ब्रश खाली ठेवला. "परत वाच."

सातवी शिकलेली बाई, पण माप तिच्या हातात मुरलेलं होतं. एका सूर्याच्या रुंदीत शंभराहून जास्त पृथ्व्या रांगेने मावतात हे ऐकून ती मोबाइल काढून भागाकार करत बसली. सूर्य फुटबॉलएवढा धरला तर पृथ्वी मोहरीएवढी आली. चंद्र रव्याचा कण, मोहरीपासून चार बोटं लांब. आणि मोहरी फुटबॉलपासून सत्त्याहत्तर फुटांवर! खोलीत मावेना, गल्लीत मावेना. रविवारी मायलेकी खाली रिक्षा स्टँडवर गेल्या. सूर्य एका ओळखीच्या रिक्षावाल्याच्या मांडीवर दिला आणि प्रेमा साडी वर खोचून पावलं मोजत निघाली. सुपारीएवढा गुरू चारशे फुटांवर, औषधांच्या दुकानासमोर आला. वाटाण्याएवढा नेपच्यून गाठायला थेट स्टेशनच्या तिकीट खिडकीपर्यंत जावं लागलं.

"आणि मधे काय?" रुचिराने विचारलं.

"मधे काय नाय गो. नुसती जागा."

हे बोलताना प्रेमाच्या अंगावर काटा आला. चाळीस वर्षांत स्वतःच्या डोक्याने काही कळल्याचा हा पहिलाच आनंद होता. रुचिरा तर आईकडे बघतच राहिली. "आई, तू झकास आहेस यार!" त्यानंतर ती मैत्रिणींना, शेजाऱ्यांना, कुणालाही सांगे, माझ्या आईला विचारा, तिला माहितीय. ते ऐकायला प्रेमा इतकी हपापली की पोरगी दारात कुणाशी बोलायला लागली की ही नळ बंद करून कान देई.

विज्ञान प्रदर्शनात रुचिराने हॉलमध्ये फुटबॉल ठेवला, आणि सत्त्याहत्तर फूट मोजून कॉरिडॉरच्या टोकाला काळ्या कागदावर मोहरी आणि रव्याचा कण चिकटवला. फुटबॉलशेजारच्याच टेबलावर वर्गातल्या सुयोगची सूर्यमाला होती. सूर्यात बल्ब, शनीला चमचमतं कडं. प्रेमानेच चार दिवस खपून केलेली. सुयोगची आई गंधाली बाजूलाच उभी होती. वर्गातल्या आयांचा ग्रुप तिच्या ताब्यात होता आणि प्रेमाची निम्मी कामं तिच्या एका मेसेजवर येत.

अनुपमा मॅडम आल्या. "रुचिरा, हे काय? पाहुणे येतायत आणि त्यांना मोहरी दाखवू? फोडणी द्यायचीय का?"

आया खळखळून हसल्या. विज्ञान शिकवणाऱ्या बाईने विज्ञानाची टर उडवली की हसायला सगळ्यांना मोकळीक मिळते.

रुचिराचा चेहरा लाल झाला, पण ती मागे हटली नाही. "मॅडम, पुस्तकातल्या आकड्यांनी हेच येतं. सुयोगचं चुकलंय. माझ्या आईला विचारा ना, तिला माहितीय."

सगळ्या माना प्रेमाकडे वळल्या. मॅडमनी उत्तर काय ते सांगायला हवं होतं, ते त्यांचं काम होतं. त्या घड्याळ बघू लागल्या.

"काय हो प्रेमाताई," गंधाली गोड आवाजात म्हणाली, "आमचं चुकलंय का?"

प्रेमाने त्या चमचमत्या शनीकडे पाहिलं. मग लेकीकडे. रुचिरा हसत होती. आता आई बोलेल आणि सगळ्यांची तोंडं बंद होतील, याची तिला इतकी खात्री होती.

"नाही हो," प्रेमा म्हणाली. "तुमचंच बरोबर आहे. पोरगी कायतरी वाचते नि बोलते."

मॅडमनी कॉरिडॉरमधला कागद लगेच काढायला सांगितला. रुचिराने तो स्वतःच नखांनी खरवडून काढला. मोहरी तिच्या हातात आली. रव्याचा कण कुठे पडला ते दिसलंही नाही.

घरी जाताना दोघींनी अर्धा चढ संपवला. मग रुचिराने विचारलं, "आई, आपण रस्त्यावर मोजलं ते चुकीचं होतं?"

ते बरोबर होतं, मी घाबरले, एवढंच सांगायचं होतं. पोरीने कदाचित माफही केलं असतं. पण घाबरट दिसण्यापेक्षा अडाणी दिसणं प्रेमाला सोपं वाटलं. तिने तेच निवडलं, आणि त्याबद्दल तिची कीव करण्याचं कारण नाही.

"चुकलंच असेल गो माझं. सातवी शिकलेली मी, माका काय कळता."

रुचिरा थांबली. तिने आईचं म्हणणं खरं मानलं.

"मग मला कशाला शिकवलंस? सगळ्यांसमोर वाट लागली माझी. यापुढे माझ्या अभ्यासात बोलू नकोस."

"बरं," प्रेमा म्हणाली, आणि रुचिरा पुढे निघून गेली.