संतांना हाका मारणारी झाबूआत्या

पेद्रू तांडेलाचा नारळांचा मचवा त्या दिवशी दुपारी कल्याणच्या बंदराला लागला, आणि तो भिजलेल्या अंगाने तसाच रेल्वेच्या मालगोदामात माझ्या मेजापुढे येऊन उभा राहिला. पेद्रू माझ्याच गावचा, ठाण्याच्या खाडीकाठचा. म्हणाला, “जुझे, झाबूआत्या गेली रे. काल सांजेला. आज सकाळी पुरायची होती, पन मला भरती गाठायची होती, मी पहाटंच निघालो.” माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, “माणसं होती का रे?” पेद्रूने डोक्यावरचे पाणी निपटले. “आता कोन असनार? लावणी चाललीय. सगळा गाव चिखलात.” मी साहेबांची परवानगी काढून संध्याकाळची गाडी पकडली. वाटभर तो एकच प्रश्न मला टोचत राहिला. आत्याला शेवटी पोचवायला तरी कोणी आले असेल का... की तिथेही ती एकटीच गेली?

हा प्रश्न मला का पडला, ते सांगायला हवे. झाबूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण इझाबेल. लग्नाला वर्ष होते न होते तोच तिचा नवरा सांतान जहाजावर खलाशी म्हणून गेला आणि परत आला नाही. मेला म्हणावे तर कोणी पाहिले नाही, जिवंत म्हणावे तर निरोप नाही. आत्या आमच्या घरी परत आली आणि मागच्या पडवीत राहू लागली. गावाला ती कोण आहे तेच ठरवता येईना. आमच्या ख्रिस्ती घरांत लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात आणि नवऱ्यामुलाच्या अंघोळीचे पाणी आणतात. त्या पाण्याला जिचा नवरा हयात आहे तिनेच हात लावायचा. विधवांचे काम वेगळे असते, त्या देवळात मेणबत्त्या लावतात, म्हाताऱ्या माणसांची पंगत बघतात. त्यांनाही मान असतो. आत्या ना इकडची ना तिकडची. गावात बोलावणे फिरवण्याचे काम शेजारच्या मोनीकाकीकडे असे. ती दारात उभी राहून घरातल्या बायकांची एकेक नावे घेई. आमच्या दारात तिने माझ्या आईचे नाव घेतले, पुढे माझ्या बायकोचे घेतले. आत्याचे नाव कधी घेतले नाही. त्यात दुष्टावा नव्हता. कुठल्या रांगेत बोलवायचे ते मोनीकाकीला कळत नव्हते, म्हणून ती तेवढे नाव गिळून पुढच्या घरी जाई. माझ्या स्वतःच्या लग्नातही तसेच झाले. मी मांडवात पाटावर बसलो होतो, आणि आत्या मागच्या अंगणात तांदळातले खडे वेचत होती. मला दिसत होती. मी बोललो नाही.

त्या वर्षांत ती कडवट झाली होती, हे मी लपवणार नाही. भांडी आपटायची, देवळात रविवारच्या मिस्साला उशिरा जायची. मग एका पावसाळ्यात तिच्यात काहीतरी पालटले. कसे, ते तिनेच मला पुष्कळ वर्षांनी सांगितले. गावात साखरपुडा होता, सगळे तिकडे गेले होते. आत्या डोक्यावर इरले घेऊन शेताच्या बांधावरच्या क्रूसापाशी गेली. प्रार्थनेला नव्हे, भांडायला. “चांगला जाब विचारायचा होता,” ती म्हणाली. “पन तोंडातून शब्दच फुटंना. मग म्हटलं, लादीन तरी म्हनू, ती पाठ हाय.” लादीन म्हणजे आमच्याकडे क्रूसापुढे म्हणतात ती संतांची विनवणी. एकाने एकेका संताच्या नावाने हाक मारायची आणि जमलेल्यांनी मिळून उत्तर द्यायचे, आमच्यासाठी विनंती कर. उन्हाळ्यात सगळा गाव जमतो. पावसात त्या बांधावर कुत्रेही फिरकत नाही. आत्याने पहिली हाक मारली आणि सवयीने थांबली. उत्तर द्यायला कोणी नव्हते. दुसरी मारली, थांबली. “तिसऱ्या नावाला मला रडू फुटलं बघ.”

“मग?” मी विचारले.

“मग काय... रडत रडत पुढची नावं घेतली. उत्तर ऐकू आलं असं मी म्हननार नाय, कानाला पावसाबिगर काय आलं नाय. पन मी एकटी नव्हते, जुझ्या. वर बघितलं तर तो खिळलेला. त्यालाबी सगळे टाकूनच गेले होते ना? ज्याला टाकलं त्यालाच टाकलेल्याची वळख असते. तवापासून मी जाते. मला कोन बोलवत नाय, तर मीच बोलवते. एवढे संत हायत, एकबी म्हनत नाय की आज जमनार नाय!” आणि ती पदर तोंडाला लावून हसली.

मग ती पावसाळाभर रोज दिवेलागणीला तिथे जाऊ लागली. गावाला त्याची मोठी गंमत वाटे. “झाबू, आज कोन कोन आलते गं?” मोनीकाकी कुंपणावरून विचारी. “सगळे आलते,” आत्या म्हणे, “तुझ्याकडचं जेवन सोडून आलते.” ती नाव घेई, उत्तरापुरती थांबे, मग पुढचे नाव घेई. उत्तर स्वतः कधी देत नसे. एकदा मी विचारले, दोन्ही तूच का म्हणत नाहीस? तर म्हणाली, “दुसऱ्याच्या वाटचं मी कशाला खाऊ?”

पुढे माझीही पाळी आली. गोदामात माझ्या हाताखाली शिकलेल्या माणसाला हेडक्लार्क केले आणि मला कोणी साधे विचारलेही नाही. कल्याणात आमच्या धर्माची घरे मोजकीच. मन मोकळे करावे असे माणूस नव्हते. मी दोन दिवसांची रजा टाकून गावी आलो आणि पडवीत तोंड पाडून बसलो. आत्याने भाकरी वाढता वाढता विचारले, “किती जनं विसरली तुला?” मी म्हणालो, “साहेब विसरला.” “एकच? मला वाटलं, शंभर दोनशे असतील. ऊठ.” तिने मला इरल्यात घेतले आणि क्रूसापाशी नेले. ती हाका मारत होती आणि त्या दिवशी मी उत्तरे देत होतो. सुरुवातीला लाजत, पुटपुटत. मग आवाज कधी मोकळा झाला ते कळले नाही. पाय घोट्यापर्यंत चिखलात होते, खांद्यावरून पाणी निथळत होते आणि माझ्या छातीवरचे ओझे हलके होत गेले. हेडक्लार्क मी त्यानंतरही झालो नाही. पण विसरला गेलेला माणूस म्हणून मी त्या मेजापुढे पुन्हा बसलो नाही, एवढे मात्र खरे.

तिच्याबद्दलचे माझे अपराध मी तिला अधूनमधून सांगायला जाई, हा माझा स्वभावच आहे. आईवडील गेल्यावर ती त्या घरात एकटी राहिली. मी तिला कल्याणला ये म्हणून एकदा विचारले. ती नको म्हणाली, आणि दुसऱ्यांदा न विचारण्यात मला सोय वाटली. हे मी तिला बोलून दाखवले. माझ्या लग्नातल्या पाण्याचेही बोलून दाखवले. ती कंटाळून म्हणाली, “परत तेच! तुझी पापं पाद्रीबाबाला दे बाबा, त्याचं ते कामच हाय. मला भाकऱ्या थापायच्यात.” जरा वेळाने, पीठ मळता मळता, आपणहून म्हणाली, “तू मनात धरून बसतोस. मी त्या दिवशी वाईट नव्हते रे. तांदूळ निवडत नावंच घेत होते.”

मी गावात पोचलो तेव्हा अंधारायला लागले होते. मोनीकाकी आता फार वाकली आहे. ती आमच्याच ओट्यावर बसली होती, जणू मी येणार हे तिला ठाऊक होते. मी वहाणा काढायच्या आधीच विचारले, “काकी, माणसं होती का?”

“चार,” ती म्हणाली. “आम्ही चार बायका, पाद्रीबाबा आन् पेटी उचलायला तेवढे गडी. पाऊस असा, जुझे, की खड्ड्यात पानी. लावणी टाकून कोन येनार?”

मी मान खाली घातली. चारच... काकीने मला हाताला धरून शेजारी बसवले. मग म्हणाली, “ऐक तर खरं. पाद्रीबाबाचं झालं. मी म्हटलं, हिला लादिनीबिगर कशी लोटायची? पन सांगनार कोन? नावं वळीनं तिलाच येत होती, आम्ही आपल्या उत्तरं देनाऱ्या. पाद्रीबाबा म्हनाले, घ्या येतील तशी. मग मीच घ्यायला लागले. एक आठवलं, दोन आठवली, देवमाता, योसेफ, आंतोन... आन् पुढचं काय आठवंना. डोळ्यापुढं ती पेटी. माझ्या तोंडातून निघून गेलं, झाबू!”

“मग?”

“मग काय! बाकीच्या तिघींनी दिलं ना उत्तर. सवयीनं. आमच्यासाठी विनंती कर, म्हनून, मोठ्यानं. मग कळलं आन् सगळ्यांनी जिभा चावल्या. मी पाद्रीबाबाकडं बघितलं. ते माझ्याकडं बघत होते. छत्रीवरून पानी गळत होतं. मला वाटलं, आता वरडतात.”

“वरडले?”

“नाय,” मोनीकाकी म्हणाली. “म्हनाले, घ्या पुढचं नाव.”