मुरमाचे पाणी

आमचे घर एकोडीच्या पुढे, डांबरी रस्त्यापासून आत, बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, काठावर आहे. मधली वाट पांदणीची. तिच्या एका बाजूला बोडीची पाळ, दुसऱ्या बाजूला वडिलांची सर्वांत मोठी बांधी, म्हणजे चारही बाजूंनी धुरे, मातीचे बांध, घातलेले धानाचे शेत. पांदणीवर मुरूम होता. पण दर हंगामात धानाने भरलेल्या ट्रॉल्या तिच्यावरून जात आणि खोल चाकोऱ्या पडत.

त्या हिवाळ्यात मी नागपूरची वृत्तपत्रातली नोकरी संपवून घरी आलो होतो. त्याच हिवाळ्यात वडिलांचे डायलिसिस सुरू झाले. आठवड्यातून दोनदा भंडाऱ्याला जावे लागे. महामार्गाचा लांबचा प्रवास त्यांना सोसत होता, घरापासून डांबरीपर्यंतचा सोसत नव्हता. त्यांचे मणके झिजले होते. भाड्याची व्हॅन चाकोरीत उतरली की ते समोरच्या सीटची दांडी धरून डोळे मिटत. शेती पाहणारा माझा धाकटा भाऊ ड्रायव्हरच्या शेजारी बसे आणि प्रत्येक खड्ड्याआधी म्हणे, "हळू."

एकदा परत आल्यावर वडील खाटेवर टेकले आणि म्हणाले, "आता मी नाई जात."

"काहून?" आईने विचारले. "सुया टोचतेत म्हणून?"

"सुयाईचं काई नाई. हे पांदण जीव घेते माहा."

डायलिसिस थांबवले तर फार दिवस निघणार नाहीत, असे डॉक्टरांनी सांगितले होते. ते वडिलांच्या समोरच सांगितले होते.

भाऊ दुसऱ्या दिवशी मोटारसायकलने वरठीला गेला. तिथल्या भंगाराच्या दुकानातून त्याने लोखंडी चॅनलचे दोन लांब तुकडे पाहून ठेवले आणि नंतर टेम्पोत घालून आणले. ट्रकच्या जुन्या कमानीचे पाटे साकोलीत मिळाले. मोडक्या कल्टिव्हेटरची जोडणी घरीच पडून होती. वेल्डिंगवाल्याला त्याने अंगणात बोलावले. दोन चॅनल समांतर, मधे आडवे दोन पाटे आणि पुढे ट्रॅक्टरच्या तीन पिनांत बसणारी जोडणी, एवढेच ते अवजार होते. ट्रॅक्टरने ओढायचे, पुढच्या पाट्याने उंचवटा खरवडायचा, मागच्याने मुरूम पसरायचा.

वडील अंगण संपून पांदण लागते तिथल्या, बांधीकडच्या मोहाच्या झाडाखाली खुर्ची टाकून पाहत होते.

"काय बनवून राहिला रे? माही तिरडी?"

"बाबा, कायच्या काय बोलता तुमी."

"बोलतो काय, दिसूनच राहिली. लोखंडाची हाय, चार जणाईले उचलत नाई. आठ लागतीन."

आई चिडून आत निघून गेली. वडील मात्र शेवटपर्यंत त्याला तिरडीच म्हणत राहिले.

पाटे कसे लावायचे, हे त्यांनीच सांगितले. सरळ, आडवे. "पांदण बांधीवानी सपाट कर. आन कडेले धुरा ठेव. मुरमाचं पाणी बांधीत जाऊ देजो नोको."

यात कोणालाही काही चुकीचे वाटले नाही. आमच्याकडे चांगले काम म्हणजे सपाट काम. चिखलणी झाल्यावर बांधीत फळी फिरवतात आणि मग पाणी भरून पाहतात. पाणी सगळीकडे सारखे उभे राहिले तर बांधी साधली. वडिलांची ती मोठी बांधी त्यासाठी गावात ओळखली जाई. तिच्यात मुरूम गेला तर माती आवळते आणि रोवणी करणाऱ्या बायांची बोटे सोलतात, म्हणून तिच्या कडेचा धुरा ते स्वतः बांधत.

पाट्यांवर वजन हवे होते. लहानपणी फळीवर आम्हा भावांना बसवत, तसा मी चॅनलवर उभा राहिलो. भाऊ ट्रॅक्टर चालवत होता.

"जड झाला रे तू," वडील खुर्चीतून ओरडले. "पेपरवाले खाऊ घालत होते वाटते!"

चाकोऱ्या बुजल्या. ढेकळे फुटून पसरली. कडेला दोन्ही बाजूंनी वीतभर धुरा राहिला. पुढच्या खेपेला व्हॅन घरापासून डांबरीपर्यंत गेली, तेव्हा वडिलांनी दांडी धरली नाही.

"काका, आता गाडीत च्या प्या," ड्रायव्हर म्हणाला. "सांडला तर माह्याकडून दुसरा."

ते पुन्हा जाऊ लागले. भाऊ दर चार-आठ दिवसांनी तिरडी फिरवी.

फाल्गुनात अवकाळी पाऊस झाला. पांदणीवरचे पाणी जायला कुठेच वाट नव्हती. खालचा मुरूम भिजून लगदा झाला. डायलिसिसच्या दिवशी व्हॅन वळणावर रुतली आणि काही केल्या निघेना. शेवटी भावाने ट्रॉलीत तणस, म्हणजे धानाचा पेंढा, पसरली, तणशीवर गादी टाकली आणि आम्ही वडिलांना तिच्यावर झोपवून डांबरीपर्यंत नेले. वळणाजवळ ते कोपरावर उठले. पांदणीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पाणी होते.

"पाह्य," ते भावाला म्हणाले, "कसं सारखं उभं हाय पाणी."

भाऊ ट्रॅक्टर चालवत राहिला. तो मागे वळला नाही.

पुढच्या खेपेच्या सकाळी वडिलांनी जाण्यासाठी कपडे बदलले नाहीत. भाऊ त्यांच्या खाटेजवळ जाऊन उभा राहिला.

"पाटे तिरपे लावतो, बाबा. मंधात उंच ठेवतो, दोन्हीकडे उतार देतो. पन बोडीकडे पाळ उंच हाय, बांधीकडचा धुरा फोडा लागते."

धुरा फोडला की मुरमाचे पाणी कुठे जाणार, हे दोघांनाही माहीत होते.

"आन फोडला त मी जायचं, असं हाय काय?"

"हो."

"मोठा सौदागर झाला," वडील म्हणाले. मग थांबून म्हणाले, "मोहापाशी फोड. तिथं सावलीनं तसंई धान कमी होते."

त्या दिवशी ते ट्रॉलीतून गेले. पांदण वाळल्यावर वेल्डिंगवाला पुन्हा आला. पाटे कापून तिरपे बसवले. पांदण मधे उंच झाली आणि भावाने मोहापाशी फावड्याने धुरा फोडला. वडील खुर्चीवर होते. भाऊ थांबला तेव्हा त्यांनी हाताने खूण केली, अजून खोल. नंतर त्यांनी घरातून बादलीभर पाणी मागवले आणि मला पांदणीच्या मधोमध ओतायला सांगितले. पाणी दोन्हीकडे वाटले गेले. एक ओघळ मुरमाचा रंग घेऊन फोडीतून बांधीत उतरला. तो जिरेपर्यंत ते पाहत होते.

"आत न्या मले," ते म्हणाले.

त्यानंतर त्यांनी एकही खेप चुकवली नाही. रोवणीच्या आधी, भंडाऱ्याच्या रुग्णालयातच ते वारले. त्याच व्हॅनने त्यांना आणले. भाऊ ड्रायव्हरच्या शेजारी बसला होता. डांबरी सोडून गाडी पांदणीला लागली तेव्हा तो म्हणाला, "हळू." पांदणीवर एकही खड्डा नव्हता. ड्रायव्हरने गाडी हळू केली.

पावसाळ्यात फोडीच्या तोंडाशी बांधीत मुरूम पसरला. रोवणीच्या बाया तिथे येऊन थांबल्या.

"हे फोड बांधून टाका न भाऊ," त्यांच्यातली वयस्क बाई म्हणाली. "बोटं सोलून राहिले. आता गाडी कायले येते इथं?"

"तिथं रोवू नका, मावशी," भाऊ म्हणाला. "तेवढी जागा राहू द्या."

बाया बाजूने वळून पुढे रोवत गेल्या. मोहाखाली तेवढी जागा मोकळी राहिली.