माझं हळदीचं गाणं आणि सुरतेचं कोर्ट

हळदीचं ते गाणं मी साड्यांना लेस लावता लावता रचलं, आमच्या अहिराणीत. सुरतेत, कोसाडच्या आमच्या वसाहतीत लग्न निघालं की बाया मला गायला बोलावून न्यायच्या. धाकट्या दिराने हौसेने उधन्याच्या एका स्टुडिओत ते रेकॉर्ड करवलं. फाइल तिघांकडेच होती: मी, दीर आणि स्टुडिओवाला. आम्ही ती कुठेच टाकली नव्हती.

तरी एक दिवस शेजारीण मोबाइलवर कुठल्याशा चॅनलवरचं गाणं लावून आली. "ताई, हा तुमचाच आवाज ना?"

आवाज माझाच. गाणं रचणारा म्हणून नाव मात्र भलत्याच माणसाचं. टेलिग्रामच्या ग्रुपांवरही फाइल फिरत होती.

स्टुडिओवाला शपथा घेऊ लागला. दीर म्हणाला, "त्यानेच दिली असणार." हे तो जरा घाईनेच म्हणाला, असं मला वाटलं. तेव्हापासून त्याचा फोन वाजला की माझे कान तिकडेच.

चॅनलवाला इंदूरचा निघाला. पोलीस ठाण्यातले साहेब म्हणाले, "अपलोड इंदौर से हुआ है, तो इंदौर जाइए." नवरा म्हणाला, सोड आता. दीरही तेच म्हणाला, आणि तेच मला खटकलं. माझ्या गाण्यासाठी घरात भांडणारा हा, आता गप्प बसायला का सांगतोय?

मी एका वकीलबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, "गाणं तुमचं ना? मग तुम्ही राहता तिथल्या कोर्टात दावा लावता येतो. कायद्यातच तशी सोय आहे."

मला तेही खरं वाटेना. इंदूरचा माणूस सुरतेच्या कोर्टाला कशाला भीक घालेल? पण तो आला. त्याच्या वकिलाने पहिला मुद्दा हाच काढला, की सगळं इंदूरला घडलं, सुरतेचा संबंध काय? न्यायाधीशांनी तो फेटाळला. बाई इथे राहते, दावा इथेच चालेल.

मग तो नरमला. गाणं काढलं, लेखी माफी दिली. फाइल कुठून आली विचारल्यावर एवढंच बोलला, "आपके घर से ही किसी ने भेजी थी."

घरी आल्यावर दिराने विचारलं, "वहिनी, तुम्हले मन्हावर शक शे का?"

"तूच सांग," मी म्हटलं.

तो चपला घालून बाहेर गेला. पुढचं गाणं मी माझ्याच फोनवर रेकॉर्ड केलं, आणि घरात कुणाला ऐकवलं नाही.