बास की सर

सरांच्या तोंडात ‘बास की’ हे दोन शब्द इतके बसले होते की सगळी गल्ली त्यांना ‘बास की सर’ म्हणूनच ओळखायची. माणूस ऐन रंगात आलेला असायचा, हातात डंबेल, समोर आरसा, आरशात फुगलेला दंड, आणि नेमका तेव्हाच मागून आवाज यायचा, “बास की!” आवाज असा की शेजारच्या इस्त्रीवाल्याचाही हात थांबावा. मी त्यांच्या जिममध्ये ट्रेनर म्हणून लागलो तेव्हा मला वाटलं, यांचा व्यायामावरच राग असावा. मी कोर्स करून, सर्टिफिकेट लॅमिनेट करून आलेला. गिऱ्हाईक घामानं निथळलं पाहिजे, तरच ते टिकतं, असं आम्हाला शिकवलेलं. इथं घाम फुटतोय न फुटतोय तोच माणूस घरी.

“सर, अशानं लोक पळून जातील,” मी एकदा न राहवून म्हणालो.

“पळत गेली तर बरंच की, तेवढाच व्यायाम,” सर म्हणाले. मग टॉवेलांच्या घड्या घालता घालता, “आज दमवून पाठवलास तर उद्या अंथरुणातनं उठतोय व्हय त्यो? आजून करू वाटतंय तवरच सोडायचा. आपला धंदा उद्याचा आसतोय.” मला हे पटलं आणि पटलंही नाही. कारण समोरच्या नव्या जिममधून लोक लोळागोळा होऊन बाहेर पडायचे आणि वर खूषही दिसायचे.

नव्या माणसाला सर वजन, उंची काही विचारत नसत. पाण्यानं भरलेली बादली उचलायला लावत. मुरगूडचे, पण शहरात येऊन दुधाचा धंदा काढलेले एक काका पहिल्याच दिवशी मांडी थोपटत आले. “किती उचलू बोला!” सरांनी बादली पुढं केली. काकांनी गुडघे ताठ ठेवून, कमरेतून वाकून ती हिसक्यासरशी उचलली.

“म्हशीपुढं पेंडीची पाटी बी आशीच ठेवतासा काय?”

“व्हय की.”

“मग कंबर दुखत आसंल तुमची.”

काकांचा हात आपसूक कमरेवर गेला, कारण ती दुखत होतीच. पुढचा महिनाभर सर त्यांना फक्त बादली उचलायला शिकवत होते आणि काका रोज शिव्या देत, पण न चुकता येत होते. मध्येच चार दिवस आले नाहीत. सरांनी फोन लावला आणि व्यायामाचं नावही न काढता विचारलं, “म्हस व्याली का ओ?” दुसऱ्या दिवशी काका हजर. याला गिऱ्हाईक टिकवणं म्हणायचं की निव्वळ चौकशा, मला कळेना. माझं डोकं पार भंजाळून जायचं.

दीपाली आली आणि ते आणखीच भंजाळलं. ती आजऱ्याची. पोलीस भरतीसाठी कोल्हापुरात मावशीकडं राहिली होती आणि तिची तयारी मी घेत होतो. वयात बसायची ही तिची शेवटची भरती. पोरगी अशी पळायची की बघताना माझीच छाती फुगायची. मैदानी चाचणीला तीन आठवडे उरले असताना ती जराशी लंगडताना दिसली. सरांनी तिला बाकावर बसवलं आणि नडगीवरून अंगठा दाबत दाबत खाली नेला. एका जागी ती किंचाळली.

“बास की,” सर म्हणाले. इतक्या हळू आवाजात मी ते कधी ऐकलं नव्हतं.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला. त्यात काही दिसलं नाही. पण हाडाची बारीक चीर सुरुवातीला कधीकधी दिसतच नाही, पळणं बंद ठेवा, असं तेही म्हणाले. सरांनी तिला जिममधल्या सायकलवर बसवलं, गोळाफेकीचा सराव चालू ठेवला, पळणं मात्र बंद. दीपाली माझ्याकडं बघायची, मी सरांकडं. न राहवून एकदा मी तिला गुपचूप मैदानावर बोलावलं. ती आली, बुटाच्या नाड्या आवळल्या आणि म्हणाली, “सर, खरं सांगा. पळू का नको?”

मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, “जा घरी.”

डॉक्टरांनी होकार दिल्यावर ती चाचणीला उतरली. पाय अजिबात दुखला नाही, पण शेवटी दम कमी पडला. यादी लागली तेव्हा ती दोन गुणांनी बाहेर होती.

आठ दिवसांनी तिचे वडील आले. भातशेती करणारा, कमी बोलणारा माणूस. सर उठून उभे राहिले, “या पावणं, बसा,” म्हणाले. ते बसले, पण चहाला हात लावला नाही. “पाय मोडला आसता तर लोकास्नी सांगाय तरी आलं आसतं,” ते म्हणाले. “आता काय सांगू? पाय चांगला ऱ्हायला म्हणून पोरगी ऱ्हायली?”  सरांनी हात जोडले.

वडील गेल्यावर मी विचारलं, “सर, पळाली असती तर हाड गेलंच असतं ना?” मला ‘होय’ ऐकायचं होतं. सगळा जीव त्या एका शब्दात अडकला होता.

“म्हाईत न्हाई, गड्या,” सर म्हणाले. “जे झालंच न्हाई, त्ये कसं दावू तुला?”

मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी त्यांना मिठी मारावीशी वाटली. दोन्हीतलं काहीच न करता मी फरशी पुसायला घेतली. त्यानंतर कितीतरी दिवस सर कुणावर ओरडले नाहीत. गिऱ्हाइकं व्यायाम करता करता मागं वळून बघायची, हाक येते का म्हणून, आणि मग आपली आपणच थांबायची.

गेल्या वर्षी सर गेले. जिम आता मी चालवतो. लोकांना थांबवतो, घरी पाठवतो, आणि बरोबर करतोय की नाही हे मला अजूनही कळत नाही. सरांच्या बाराव्याला दीपाली त्यांच्या घरी आली होती. आजऱ्यातच एका काजूच्या कारखान्यात ती देखरेखीचं काम करते, दिवसभर उभ्यानं. तिनं फोटोला नमस्कार केला. मग माझ्याकडं वळून म्हणाली, “पायाला आजवर काय सुद्धा झालं न्हाई, सर.”

तक्रार होती की उपकार मानत होती, आवाजावरून मला समजेना. विचारावं म्हणून मी तिच्या मागं दारापर्यंत गेलो. तोवर ती चप्पल घालून जिन्यात पोचली होती आणि एकेक पायरी सोडून भराभर खाली उतरत होती.