खुरप्याचा डाग

गुडघे माझे कितीतरी वर्षं दुखतच होते. कापूस वेचणाऱ्या बाईचे दुखणारच. पण त्या दिवशी सकाळी उठले तर उजवा गुडघा नारळाएवढा सुजलेला, लालबुंद. पदर घासला तरी आत कुणी काच कुटतंय असं व्हायचं.

आमच्याकडं अशा सुजेला डाग द्यायची रीत. तीन शनिवार, उपाशीपोटी, खुरपं चुलीत लाल करून. माझ्या थोरल्या जाऊबाईंचा त्यात हात बसलेला; निम्मं गाव त्यांनी भाजलंय म्हणा ना. पहिल्या शनिवारी मी मुकाट्यानं डाग घेतला, गुडघ्याच्या आतल्या बाजूला. चर्र झालं, कातड्याचा वास आला, मी दातानं पदर फाडला. आठ दिवसांनी सूज तशीच, वर डाग चिघळून पू धरलेला.

दुसऱ्या शनिवारी बाहेरची बाजू. मी म्हणाले नको, परभणीला दवाखान्यात न्या. जाऊबाई म्हणाल्या, अर्ध्यावर सोडलं तर पाय कायमचा वाकडा राहतो. आमच्या मालकांना ते पटलं. ते माझ्या मांडीवर बसले आणि दोन्ही हात दाबून धरले.

"घट धरा भावजी, लय तडफडायलीय ही."

खुरप्याची धग लागली तशी मी मालकांच्या दंडाला कडकडून चावले. हात सुटला. मी जाऊबाईंच्या हातातली खुरप्याची लाकडी मूठ हिसकावली आणि ते तापलेलं पातं मालकांच्या मनगटावर दाबलं. चुकून न्हाई, दाबलंच. ते असे ओरडले की बाहेर बांधलेली म्हैस उठून उभी राहिली. जाऊबाई भिंतीला चिकटल्या.

मालकांनी मनगट पाण्यात बुडवलं. म्हणाले, "इतकं भाजतंय व्हय?"

"तुमाला एकच बसलाय. मला अजून दोन द्यायचे होते."

दुपारच्या आत त्यांनी जीप बोलावली. परभणीची डॉक्टरीण माझ्या सुनेच्या वयाची. एक्स-रे बघून म्हणाली, झीज तर आहेच, पण सांध्यातल्या कूर्चेत, म्हणजे हाडावरच्या मऊ गादीत, कॅल्शियमचे बारीक खडे साठलेत. ते सांध्यात सुटले की असा भडका उडतो. मालकांनी विचारलं, ही पानाला चुना लय लावते, त्यानं असंल का? ती म्हणाली, चुन्याचा काही संबंध नाही, काळजी मला डागाची आहे. सांध्यातलं पाणी काढायला चिघळलेल्या जागेतून सुई घातली तर पू आत जाईल, मग पाय वाचवणं अवघड.

"बाहेरची बाजू धड आहे म्हणून बरं, आजी."

तिथूनच तिनं सुई घातली आणि गढूळ पिवळं पाणी ओढून तपासायला पाठवलं. माझ्या तोंडून शिव्या गेल्या, पण संध्याकाळी पाय जमिनीला टेकवता आला.

मालकांच्या मनगटावर तो व्रण अजून हाय. सून विचारते, वाईट वाटत नाही का? वाटतं, लपवत नाही. पण जाऊबाई आजही डाग देतात, आणि माणूस धरायला बोलावणं आलं की मालक जात नाहीत.