अप्पांनी धुऊन ठेवलेला टेम्पो

अप्पा बातमी घेऊन यायचे ते चपला हातात घेऊन. पायात चपला असल्या की पळता येत नाही अशी त्यांची तक्रार होती, आणि बातमी ही पळतच आणायची असते याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. मग ती निवडणुकीची असो की कुणाच्या म्हशीला रेडकू झाल्याची. वेशीपासूनच आरोळी ऐकू यायची, "सुटलो बे आपण!" आम्ही हातातलं काम टाकून विचारायचो, "काय झालं अप्पा?" आणि बहुतेक वेळा कळायचं की आपण सुटलो वगैरे नसून चांगलेच अडकलो आहोत.

अप्पा आमच्या गावच्या दूध संस्थेचे चेअरमन आणि मी तिचा सचिव. सचिव म्हणजे अप्पांनी उत्साहाच्या भरात जे करून ठेवलेलं असे, ते निस्तरणारा माणूस. वयाने ते माझ्या वडिलांएवढे होते, पण त्यांच्याबरोबर चालताना धाप मला लागायची. माझ्या नावाने त्यांनी मला कधी हाक मारली नाही. "शेक्रेटरी, चल बे!" एवढं म्हणून ते पुढे निघून गेलेले असायचे.

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष होतं. रानात ऊस नव्हता, त्यामुळे कडा गावच्या साखर कारखान्याची चिमणी थंड होती. निम्मं गाव कोयते घेऊन लांबच्या कारखान्यांवर तोडीला गेलं होतं. राहिलेल्यांची जनावरं गावाबाहेरच्या माळावर चारा छावणीत बांधलेली, आणि माणसंही तिथेच, साड्यांच्या आणि बारदानाच्या सावलीत. छावणीतल्या घरांचा सगळा संसार दुधावर चालला होता. सकाळी कॅन भरायचे, संस्थेच्या टेम्पोत चढवायचे आणि ऊन तापायच्या आत शीतकरण केंद्रावर पोहोचवायचे. टेम्पो गेला तर सगळं गेलं, इतकं ते सोपं होतं.

आणि एका सकाळी टेम्पो गेला. रस्त्यात आडव्या आलेल्या गाईला वाचवायला आमचा ड्रायव्हर नामदेव बाजूला वळला आणि टेम्पो पुलाशेजारच्या कोरड्या ओढ्यात तोंडघशी पडला. अप्पा चपला हातात घेऊन पळत आले. "सुटलो बे आपण! नामद्याला काय बी झालं न्हाई! नुसतं कोपर सोललंय!" टेम्पोचं काय, असं मी विचारलं. "टेम्पो व्हय? त्याचं तोंड आत गेलंय. दूध समदं ओढ्यानं पिलं."

मला माणूस म्हणून अप्पा आवडले ते तिथे. दुधाआधी आणि टेम्पोआधी त्यांनी नामदेवचं कोपर सांगितलं होतं.

त्या दिवसापासून दूध एसटीच्या टपावरून जाऊ लागलं. कंडक्टर चांगला होता, पण तो तरी किती कॅन चढवू देणार? उरलेल्या दुधाचा बायका खवा करायच्या, तर जळणाची बोंब. दोनच गाई असलेली गयाबाई अप्पांसमोर येऊन उभी राहिली. तिचा नवरा आणि पोरगा तोडीला गेले होते. ती म्हणाली, "अप्पा, म्होरल्या बाजारापस्तोर वाट बघते. टेम्पो सुरू न्हाई झाला तर एक गाय इकायला काढते. दूध सांडायला चारा घालीत न्हाई मी तिला." तिच्या मागे आणखी बायका उभ्या होत्या. त्यांनाही तेच म्हणायचं होतं.

"माय, गाय काढायची न्हाई," अप्पा म्हणाले. "बाजाराच्या आत टेम्पो उभा करतो." संस्थेकडे दुरुस्तीला पैसा नव्हता. होता तो सरकारी कंपनीचा विमा. गॅरेजवाल्याचं म्हणणं साधं होतं, विम्याच्या सर्व्हेअरने नुकसान मान्य केलं की कामाला हात लावतो.

अप्पा आणि मी एसटीने बीड गाठलं. विम्याच्या ऑफिसातले साहेब शांतपणे म्हणाले, "गाडी ओढ्यातून बाहेर घ्या, पण दुरुस्ती करू नका. परवा सर्व्हेअर येऊन पाहतील." अप्पांनी मान डोलावली, मीही डोलावली. येताना पंचनाम्याच्या प्रतीसाठी मी आष्टीला उतरलो आणि अप्पा एकटे गावी गेले. त्यांना एकटं सोडायला नको होतं, हे मला एसटी सुटल्याबरोबर वाटलं होतं.

प्रत मिळेपर्यंत मी आष्टीतच अडकलो. सर्व्हेअर यायच्या सकाळी छावणीत पोहोचलो, तर माळावर एक निळाशार टेम्पो उन्हात चमकत होता. बॉनेट सपाट, दार सरळ, पुढे झेंडूचा हार. गावच्या लोहाराने दोन दिवस घण घालून सगळे पोचे काढले होते आणि वर निळा रंग दिला होता. कॅन विसळलेलं पाणी साठवून बायकांनी टेम्पो धुतला होता, त्यामुळे त्याला दुधाचा वास येत होता. अप्पा समोर उभे होते, तोंडभर हसत. "कसा दिसतोय, शेक्रेटरी?"

"अप्पा!" मी ओरडलो. "दुरुस्ती करू नका म्हणाले होते ना साहेब?"

"दुरुस्ती कुटं केली? इंजिनाला हात बी लावला न्हाई. नुसती साफसफाई केलीय. साहेब येणार, मंग गाडी अशी घाणेरडी दावायची व्हय?"

मी डोक्याला हात लावला, पण त्यांचं काय चुकलं होतं? आमच्याकडे साहेब म्हणजे तपासणी आणि तपासणी म्हणजे चकाचक. छावणी बघायला तहसीलदार आले तेव्हा गाईंची शिंगं रंगवली होती. संस्थेच्या ऑडिटला कॅन राखेने घासून रांगेत मांडले जायचे. मोडकं ते मोडकंच दाखवा म्हणणारा साहेब गावात आजवर कुणी आलाच नव्हता.

सर्व्हेअर मोटारसायकलवरून आले. किडकिडीत, घामेजलेले गृहस्थ. त्यांनी टेम्पोला एक फेरी मारली, मग दुसरी. "अपघात झालेली गाडी कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

"हीच की, साहेब! काच बघा कशी हाय, आरपार!" साहेबांनी बोट लावायला हात पुढे केला, तो थेट स्टीअरिंगपर्यंत गेला. काच नव्हतीच. फुटलेली काच बायकांनी इतकी नीट झाडून काढली होती, की एक तुकडा शिल्लक नव्हता.

"अहो, मी लिहू काय? नुकसान दिसलं तर लिहीन ना!" साहेब हताश झाले. तेव्हा कुठे अप्पांच्या ध्यानात आलं. त्यांचा चेहरा एकदम उतरला. पण उतरलेला चेहरा त्यांना फार वेळ जमत नसे. ते लोहाराकडे वळले. "घण आण बे! साहेब, घटकाभर थांबा. जसं व्हतं तसं करून देतो!"

"नको, नको!" साहेब आणि मी एकदमच ओरडलो. "अप्पा, तो तर गुन्हा होईल," साहेब म्हणाले आणि बॅग बंद करू लागले. मला समोर बाजाराचा रस्ता दिसायला लागला आणि त्यावर गयाबाईची गाय. 

एवढ्यात गयाबाईच डोक्यावर वाकडातिकडा बंपर घेऊन आली. "साहेब, ह्याचंच नुकसान म्हणतेत का? ह्याला मी वासरं बांधीत व्हते." साहेबांनी बॅग पुन्हा उघडली.

झालं! अप्पांनी चपला काढून हातात घेतल्या आणि छावणीभर पळत सुटले. "टेम्पोचं ज्याच्याकडं जे आसल ते आना बे! मोडकं आना! जास्त मोडकं आदी आना!" दुष्काळात आमच्याकडे काहीच फेकलं जात नाही. ओढ्यातून उचललेले तुकडे सगळ्या छावणीत कामाला लागले होते. एक मडगार्ड आलं, त्यातून रेडकू पाणी पीत होतं. जाळी आली, ती कोंबडीवर झाकलेली होती. फुटका रेडिएटर, तडकलेले दिवे, आरशाचा तुकडा, त्यात न्हावी गिऱ्हाइकांना तोंड दाखवायचा. माळावर नुसती जत्रा झाली. साहेब एकेक तुकडा टेम्पोला लावून बघत होते, तो नेमका बसला की लिहीत होते, आणि दर वेळी लोक टाळ्या वाजवत होते.

शेवटी साहेब टेम्पोखाली शिरले. अप्पाही शेजारून सरपटत आत गेले. बाहेर चार पाय दिसत होते आणि छावणी श्वास रोखून उभी होती. आतून साहेबांचा आवाज आला, "पुढचा ॲक्सल चांगलाच वाकलाय. हा बदलावाच लागेल." आणि पाठोपाठ अप्पांची आरोळी, "सुटलो बे आपण! आक्सल वाकलाय!" ॲक्सल वाकल्याचा इतका आनंद जगात कुठल्या गावाने केला नसेल. बायका एकमेकींना टाळ्या देत होत्या. नामदेव रडत होता. मीही उड्या मारत होतो, खोटं कशाला सांगू!

निघताना साहेब म्हणाले, "काच नाहीच, ती धरतो; रेडिएटर, ॲक्सल, तुकडे आहेत ते सगळं धरतो. पण सरळ केलेलं दार आणि रंग, त्याचं काही मिळायचं नाही, अप्पा."

"राहू द्या साहेब. रंग आमच्या हौसेचा हाय."

गॅरेजवाल्याने त्याच दिवशी काम हातात घेतलं. बाजाराच्या सकाळी निळा टेम्पो छावणीत येऊन उभा राहिला आणि पहिला कॅन गयाबाईने चढवला. तिच्या दोन्ही गाई मागे रवंथ करत होत्या. अप्पा टेम्पोपुढे पार डांबरी रस्त्यापर्यंत पळत गेले. आत्ता पळायचं काय कारण, असं मी विचारलं, तर म्हणाले, "आरं, बातमी हाय न्हवं!"

पुढे पाऊस झाला, छावणी उठली, संस्थेने दुसरी गाडी घेतली. अप्पा चेअरमन राहिले, मी सचिव राहिलो. एका पहाटे ते झोपेतच गेले. मला ते खरं वाटेना. इतकी मोठी बातमी आणि गावात कुणी पळत आलं नव्हतं.

अप्पांच्या अंगणात माणसं जमली. आज दूध संकलन बंद ठेवावं, असं मीच म्हणालो.  तेवढ्यात गयाबाई आली, म्हातारी झालेली, कमरेवर दुधाची कळशी. ती आधी संस्थेच्या दारात गेली होती, कुलूप बघून इकडे आली होती.

"कुलूप कावून लावलंय?" तिने मला विचारलं.

"आज अप्पांना न्यायचंय, गयाबाई."

"मंग? दूध नासवून न्यायचं व्हय त्यान्ला? आदी गाडी जाऊ द्या."

मी उठलो, कुलूप काढलं. अंगणातली माणसं एकेक करून उठली आणि आपापल्या घरून कॅन घेऊन आली. डोळे पुसत पुसत आम्ही माप घेतलं. नामदेवने गाडी सुरू केली आणि अप्पांच्या दारावरून हळू नेली. ती वळणापलीकडे गेली, तेव्हा आम्ही अप्पांना उचललं.