एल्सीचं लोणी

मुलांनो, आज इथे ग्योतोकुत लोणी कढवताना घरभर वास सुटला आणि एल्सी आठवली. स्कॉटलंडमधल्या शेतकऱ्याची मुलगी, इथल्या एका जुन्या जपानी सरदार घराण्याची सून.

चाळीस वर्षांपूर्वी ती एकदाच आमच्याकडे आली होती. मी विरजलेली साय घुसळत होते. तिने माझ्या हातातली रवी जवळजवळ ओढूनच घेतली.

"अगं, तुझ्या रेशमावर उडेल!"

"उडू दे. सासूबाई मला चहासुद्धा करू देत नाहीत. म्हणतात, तुझे हात गोठ्यातले."

लोण्याचा गोळा वर आला तशी ती लहान मुलीसारखी हसली. मग स्वतःचीच बोटं हुंगत रडायला लागली.

"उद्या येऊ?" तिने विचारलं.

"ये की, पण आधी फोन कर हं," मी म्हणाले. माझी शिस्त! त्यांच्याकडे फोन सासूबाईंच्या खोलीत असतो, हे तिने मला तासाभरापूर्वीच सांगितलं होतं.

तिने मान हलवली, वास जाईपर्यंत साबणाने हात धुतले आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी साय राखून ठेवली. फोन आला नाही. पुढेही कधी आला नाही.

नुसतं "ये" म्हणायचं होतं.